सन अल्ट्रा ५ वर जीसीसी आणि पायथॉन: तीन महिन्यांची हकीकत

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या रसायनशास्त्र विभागात मी तांत्रिक सहाय्यक आहे. आमच्याकडे २००१ साली घेतलेलं एनएमआर यंत्र आहे, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना ओळखणारं यंत्र. त्याचा चुंबक आजही उत्तम चालतो, विद्यार्थी रात्रंदिवस त्यावर नमुने लावतात. ते यंत्र चालवणारा कॉम्प्युटर मात्र सन कंपनीचा अल्ट्रा ५. हे मॉडेल १९९८ मध्ये बाजारात आलं. ३३३ मेगाहर्ट्झचा अल्ट्रास्पार्क प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि सोलारिस ८ ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्राचं सॉफ्टवेअर याच जोडीवर चालतं, आणि कॉम्प्युटर बदलायचा म्हणजे मधली सगळी इलेक्ट्रॉनिक्स बदलायची. तो खर्च विभागाच्या आवाक्यात नाही.

या मशीनवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा चालवायला मला फेब्रुवारी ते मे २०२४ असे तीन महिने लागले. त्यातला बराच वेळ जीसीसी या कंपायलरने घेतला. कंपायलर म्हणजे सोर्स, अर्थात प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर, घेऊन त्यातून मशीनवर चालणारा प्रोग्रॅम बांधणारं सॉफ्टवेअर, आणि पायथॉनही त्यानेच बांधावं लागतं. शोधताना जी माहिती मिळाली ती तुकड्यातुकड्यांत होती, बरीचशी वीस वर्षांपूर्वीची. कोणाच्या प्रयोगशाळेत असंच जुनं मशीन अजून कामावर असेल तर त्यांना एका जागी सगळं मिळावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात एका नुकसानीने झाली. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने शुक्रवारी रात्री लांबलचक प्रयोग लावला होता. सोमवारी, १२ फेब्रुवारीला, तिची फाइल नेहमीप्रमाणे एफटीपीने शेजारच्या पीसीवर उतरवली आणि जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसली. पीसीवर आलेली फाइल अर्धीच होती. मधेच नेटवर्क तुटलं होतं आणि आमच्यापैकी कोणी आकार जुळवून पाहिला नव्हता. नमुना तोवर खराब झालेला. ती काही बोलली नाही, नुसती स्क्रीनकडे बघत उभी राहिली. त्याच संध्याकाळी ठरवलं की मूळ मशीनवर फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) काढायचा, दुसऱ्या बाजूला तो जुळवायचा, आणि जुळल्याशिवाय काहीही पुसायचं नाही.

बाकीच्या यंत्रांसाठी हे काम करणारा सुमारे ९०० ओळींचा पायथॉन प्रोग्रॅम विभागात आधीपासून होता. नुसता चेकसम काढणारा छोटा सी प्रोग्रॅम लिहून भागलं असतं, असं कोणी म्हणेल. मीही तसा विचार केला होता. पण नमुना नोंदवहीशी नावं जुळवणं, प्रयोग संपला की नाही हे ओळखणं, फोल्डर लावणं हे सगळं त्या पायथॉनमध्ये होतं. आणि माझ्यानंतर जो कोणी हे सांभाळेल त्याला पायथॉन येत असेल, सी येईलच याची खात्री नाही. म्हणून पायथॉनच.

चालू मशीनला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी पक्कं होतं. भांडारात अगदी तसाच दुसरा अल्ट्रा ५ पडून होता, जडवस्तू नोंदवहीत नोंद असलेला आणि निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत गेलेला. १४ फेब्रुवारीला मी टिपणी ठेवली: सदर संगणक यादीतून वगळून विभागाकडे चाचणीसाठी द्यावा. विभागप्रमुखांची सही दुसऱ्या दिवशी झाली, पण भांडार, लेखा आणि निर्लेखन समिती असा फेरा पूर्ण व्हायला २७ तारीख उजाडली. १ मार्चला पावतीवर सही करून मशीन हातात आलं. तुमच्याही संस्थेत असं काही पडून असेल तर भंगाराची तारीख ठरायच्या आधी अर्ज करा. समितीची बैठक एकदा होऊन गेली की यादीतून एक वस्तू बाहेर काढणं फार जड जातं. भांडारातल्या काकांनी स्वतःहून मशीनबरोबर सीडींचा मूळ संच शोधून दिला. पुढचं सगळं त्या संचामुळे शक्य झालं.

४ मार्चला मशीन चालू केलं. सनचा कीबोर्ड नव्हता. कीबोर्ड जोडलेला नसेल तर हे मशीन आपोआप सीरियल पोर्टवर बोलायला लागतं, त्यामुळे तपकीर गल्लीतून यूएसबी ते सीरियल अडॅप्टर (५५० रुपये) आणि नल मोडेम केबल, २५ पिनांच्या कनेक्टरसकट (२८० रुपये) आणली. वेग ९६००. पहिलीच ओळ आली की आयडीप्रॉममधला (मशीनची ओळख जिथे साठवलेली असते तिथला) मजकूर अवैध आहे, आणि नेटवर्क पत्त्याच्या जागी सगळे एफएफ.

याचं कारण कळायला एक दिवस गेला. मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते, तिच्या प्लास्टिकच्या आतच बॅटरी बंद केलेली असते. मशीनचा नेटवर्क पत्ता, होस्ट आयडी (मशीनचा ओळखक्रमांक) आणि घड्याळ हे तिघेही या चिपवर जगतात. बॅटरी संपली की तिघेही जातात. सोलारिस सुरू होण्याआधी येणाऱ्या ओके प्रॉम्प्टवर एकेक बाइट हाताने टाकून पत्ता परत लिहिता येतो, सनचे पत्ते ०८:००:२० ने सुरू होतात आणि शेवटी चेकसमचा बाइट द्यावा लागतो. पंधरा-सोळा बाइट भरले की मशीन शहाण्यासारखं सुरू होतं. पण वीज गेली की पुन्हा कोरं.

इथे माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्या कारणाने. चालू मशीनमधली चिपही तेवढीच जुनी. यंत्रांच्या सॉफ्टवेअरचे परवाने अनेकदा होस्ट आयडीला बांधलेले असतात. ती बॅटरी आमच्या नकळत गेली असती तर परवान्यासकट यंत्र बंद पडलं असतं. मी तशीच उठून खाली गेले, चालू मशीनचा होस्ट आयडी आणि नेटवर्क पत्ता कागदावर लिहून घेतला, फोटो काढला आणि एक प्रत विभागप्रमुखांच्या फाइलला लावली. तुमच्याकडे सनचं कोणतंही जुनं मशीन असेल तर बाकी काही करू नका, पण हे आज करा. पाच मिनिटांचं काम आहे.

महाशिवरात्रीची सुट्टी मधे आली. ११ ते १३ मार्च सोलारिस ८ नव्याने टाकण्यात गेले. मूळ डिस्क कुरकुरत होती, म्हणून जुन्या बाजारातून ६०० रुपयांची आयडीई डिस्क आणली. इन्स्टॉल करताना 'एंड यूजर' हा पर्याय घेऊ नका, 'डेव्हलपर' घ्या. मी पहिल्यांदा चुकीचा घेतला, तर सीच्या हेडर फाइलीच (प्रत्येक सी प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार व्याख्यांच्या फाइली) आल्या नाहीत, आणि साधा पाच ओळींचा प्रोग्रॅमही स्टॅंडर्ड हेडर सापडत नाही म्हणून अडला. दुसरी गोष्ट, सोलारिसमध्ये सीसी नावाची कमांड दिसते पण ती चालवली की उत्तर येतं, 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड'. सनचा कंपायलर वेगळा विकत मिळत असे, ही नुसती पाटी आहे. खरा कंपायलर मला संचातल्या 'सॉफ्टवेअर कम्पॅनियन' सीडीवर मिळाला: जीसीसी २.९५. पॅकेज टाकलं की ते ऑप्ट खालच्या एसएफडब्ल्यू फोल्डरमध्ये बसतं. असेंबलर, लिंकर आणि एआर ही हत्यारं मात्र यूएसआर खालच्या सीसीएसच्या बिन फोल्डरमध्ये असतात, ते फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) नसेल तर अर्धा तास काही कळत नाही.

आता नवा कंपायलर का हवा? कारण सोलारिस ८ मध्ये 'एसटीडीइंट' ही हेडर फाइलच नाही. अलीकडचं बहुतेक सॉफ्टवेअर ती आहे असं धरून चालतं. जीसीसी ४.५ पासून पुढे, सिस्टिमकडे ही फाइल नसेल तर कंपायलर स्वतःची पुरवतो. आणि सोलारिस ८ ला आधार देणारी शेवटची मालिका ४.७, तिथून पुढे ४.८ मध्ये तो काढून टाकला. म्हणजे मुक्काम ठरला: ४.७.४, जून २०१४ मधली आवृत्ती.

कंपायलर कंपाइल करायला कंपायलरच लागतो. दही लावायला आधीच्या दह्याचं विरजण लागतं तसं. माझ्याकडचं विरजण होतं २.९५, आणि त्यावरून थेट ४.७ ला उडी मारायचा मला धीर झाला नाही. मधे ३.४.६ ची पायरी घेतली. या आवृत्तीला बाहेरच्या कोणत्याही गणिती लायब्ररी लागत नाहीत, त्यामुळे ती पायरी सोपी जाते. थेट उडी जमतही असेल, पण काही बिघडलं तर बिघाड जुन्या कंपायलरमध्ये आहे की नव्याच्या बांधणीत, हे शोधण्यात आठवडे गेले असते.

सोर्स आणणं हेही एक काम होतं. सोलारिस ८ मधून आजच्या कुठल्याही सुरक्षित साइटशी बोलता येत नाही. पीसीवर उतरवून एफटीपीने ढकललं. फाइलींचा गठ्ठा उघडताना टार ही कमांड म्हणाली, डिरेक्टरी चेकसम एरर. मला वाटलं फाइल खराब आली, दोनदा परत आणली. त्या सोमवारची फाइल डोक्यात होती, त्यामुळे दुसरा संशय सुचेचना. खरं कारण इतकंच की सोलारिसचं टार लांब नावांच्या फाइली जीएनयू पद्धतीने लिहिलेल्या वाचू शकत नाही. कम्पॅनियन सीडीवरचं जीटार वापरलं की झालं. तसंच बांधणी चालवणाऱ्या मेक कमांडच्या जागी जीमेक. आणि बांधणीची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी कॉन्फिग शेल (स्क्रिप्टमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणून केएसएच द्या. सोलारिसचं मूळ एसएच फार जुन्या चालीचं आहे, आणि जीसीसीच्या स्वतःच्या सूचनांमध्येही केएसएच वापरा असंच लिहिलंय.

१८ मार्चला ३.४.६ सुरू केलं, फक्त सी आणि सी++. सोर्सच्या फोल्डरमध्येच बांधणी करायची नाही, शेजारी वेगळं रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवायचं. सकाळी अकराला लावलं, संध्याकाळी सात वाजून गेले तरी चालूच. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर पूर्ण झालं होतं. आवृत्ती विचारली, ३.४.६ असं उत्तर आलं. खोलीत मी एकटीच होते, तरी मोठ्याने "आलं!" म्हटलं.

दरम्यान १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती. कार्यालयातले दोघे निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले आणि बॅटरीच्या चिपसाठी मी ठेवलेला खरेदीचा प्रस्ताव टेबलावर राहिला. त्या प्रस्तावावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

४.७ ला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी अशा तीन गणिती लायब्ररी लागतात. मी त्या एकेक करून वेगळ्या बांधल्या. जीएमपीने प्रोसेसर ६४ बिटचा आहे हे ओळखलं आणि स्वतःला ६४ बिट बनवून घेतलं. जीसीसी ३२ बिटचं. दोघांची गाठ पडली तेव्हा 'रॉंग ईएलएफ क्लास' म्हणून सगळं थांबलं. २० ते २२ मार्च यात गेले. उपाय जीसीसीच्या पुस्तिकेतच होता: मशीनचं नाव जीसीसीच्या कॉन्फिग-गेस फाइलीला विचारून घ्या, जीएमपीच्या नाही. त्याहून सोपं म्हणजे तिन्ही लायब्ररींचे सोर्स जीसीसीच्या सोर्स फोल्डरमध्ये ठेवायचे, नावातला आवृत्तीक्रमांक काढून. मग जीसीसी त्यांना आपल्याच मापाने बांधतं. जीएमपी ४.३.२, एमपीएफआर २.४.२, एमपीसी ०.८.१. याच आवृत्त्या घ्या, नव्या घेऊ नका.

२२ मार्चला शुक्रवारी संध्याकाळी सहाला ४.७.४ लावलं. पुढे चौथा शनिवार, रविवार आणि धुळवड. तीन दिवस घरी होते, पण रंग खेळतानाही मन त्या मशीनकडे होतं. बांधणी तीन फेऱ्यांत होते. जुना कंपायलर नवा बनवतो, तो नवा स्वतःला पुन्हा बनवतो, तो पुन्हा स्वतःला बनवतो, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या फाइली बाइट न् बाइट जुळवल्या जातात. जुळल्या तरच काम खरं. मूळ फाइल आणि तिची प्रत जुळवून पाहण्याचं जे काम आम्ही त्या शुक्रवारच्या प्रयोगाच्या वेळी केलं नव्हतं, तेच कंपायलर स्वतःशी करतो हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

२६ तारखेला आले तर लॉगची शेवटची ओळ: 'व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड'. दुसऱ्या फेरीच्या मधोमध.

सोलारिसमध्ये टीएमपी फोल्डर डिस्कवर नसतं, ते रॅम आणि स्वॅपमधूनच (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) जागा घेतं. कंपायलर आपल्या तात्पुरत्या फाइली तिथेच टाकतो. म्हणजे आधीच तुटपुंज्या मेमरीतून तो स्वतःच जागा खात होता. टीएमपीडीआयआर म्हणून व्हार खालचं टीएमपी दिलं, एमकेफाइलने ५१२ एमबीची फाइल करून ती स्वॅपला जोडली. या दोन गोष्टी सुरुवातीलाच केल्या असत्या तर ते तीन दिवस वाचले असते. डिस्कवर मी सोर्स आणि बांधणी मिळून चार जीबी मोकळे ठेवले होते, ते पुरले.

जीमेकचा एक चांगला गुण म्हणजे थांबलं तिथून पुढे जातं. २७ ला पुन्हा लावलं. २८ ला दुपारी लाइट गेली. यूपीएस फक्त एनएमआर यंत्राला आहे. वीज परत आल्यावर मी आयडीप्रॉमचे बाइट पुन्हा भरले, मशीन सुरू केलं आणि जीमेक लावून घरी गेले. तारीख घालायची राहिली.

१ एप्रिलला, गुड फ्रायडे आणि शनिवार-रविवार संपवून आले, तेव्हाही ते चालूच होतं. आधी आनंद झाला. मग लॉग वर सरकवून पाहिला तर त्याच फाइली पुन्हा पुन्हा बांधल्या जात होत्या, आणि मधे मधे 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' असा इशारा. मशीनचं घड्याळ १९७० दाखवत होतं. मेक सगळं काम फाइलींच्या तारखांवर ठरवतं. वीज जाण्यापूर्वी बनलेल्या फाइली २०२४ च्या, सोर्स २०१४ चा, आणि नव्या बनणाऱ्या १९७० च्या. मेकच्या नजरेने काहीच ताजं नव्हतं, त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट जुनी समजून परत करत होतं. चार दिवस मशीन फुकट राबलं.

मी ते अख्खं फोल्डर पुसून टाकलं. त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं. विभागात कोणी मला घाई करत नव्हतं, पण ती विद्यार्थिनी रोज दारातून डोकावून "ताई, झालं का?" विचारायची. तिला नाही सांगणं जड जात होतं.

२ एप्रिलला खरेदीच्या फाइलीची वाट पाहणं सोडलं. चिप सॉकेटमध्ये असते, सहज निघते. ती घेऊन माझ्या घराजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या दादांकडे गेले. लोकांनी हे कसं केलंय त्याचे फोटो दाखवले: प्लास्टिक एका बाजूने अलगद घासायचं, आतल्या बॅटरीची दोन टोकं उघडी करायची, जुनी बॅटरी तोडायची आणि बाहेरून साध्या नाण्याच्या आकाराच्या सेलचा होल्डर जोडायचा. त्यांनी भिंगाखाली पाऊण तास काम केलं. सेल आणि होल्डर ७० रुपये, मजुरी २५०. "मॅडम, हे चालेल की नाही सांगता येत नाही," असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. चाललं. रात्रभर वायर काढून ठेवली, सकाळी चालू केलं, पत्ता आणि तारीख जागच्या जागी. शिवाय बूट होताना नेटवर्कवरून वेळ घ्यायची सोयही करून ठेवली. हाताने तारीख घालायची असेल तर महिना, दिवस, तास, मिनिट आणि साल या क्रमाने सलग आकडे द्यायचे, मधे काही नाही.

८ एप्रिलला सोमवारी संध्याकाळी साडेपाचला तिसऱ्यांदा सुरुवात. नोहपने लावलं, म्हणजे सीरियल केबल निघाली तरी काम तुटत नाही, आणि सगळा मजकूर लॉगमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. १० तारखेला सकाळी लॉग उघडला: 'कंपॅरिझन सक्सेसफुल'. ३३ तास आणि काही मिनिटं लागली होती. लॉगचं शेवटचं पान मी छापून घेतलं.

त्यानंतरचा पायथॉनचा भाग तुलनेने लवकर झाला. आधी हौसेने ३.६ घेतलं. अनेक ठिकाणी ठिगळं लावत पुढे गेले, पण चालू होतानाच ते यूरँडम नावाचं, यादृच्छिक आकडे देणारं, सिस्टिममधलं उपकरण मागतं, आणि सोलारिस ८ मध्ये ते मुळात नाही, वेगळ्या पॅचने येतं. पॅचचा क्रमांक ११२४३८. आमच्या संचात तो नव्हता. पायथॉनचं हॅशसीड हे सेटिंग शून्य ठेवून ती अडचण टाळता येते, पण त्यापुढे आणखी अडचणी निघत राहिल्या. तीन संध्याकाळींनंतर मी थांबले. ज्या मशीनचं इंटरनेटशी थेट नातं नाही आणि ज्याने फक्त फाइली वाचून चेकसम काढायचा आहे, त्याला २.७.१८ पुरेसं आहे असं माझं मत झालं. एप्रिल २०२० मध्ये आलेली ही २.७ ची शेवटची आवृत्ती. २२ एप्रिलला ती पाऊण तासात कंपाइल झाली. ओपनएसएसएल ही लायब्ररी नसतानाही शा-२५६ ही चेकसमची पद्धत तिच्यात आपली आपण बनते, आणि मला तेच हवं होतं.

चालू मशीनवर नेण्यापूर्वी एक परीक्षा घेतली, ती तुम्हीही घ्या. सुट्या मशीनवर जीसीसीच्या फोल्डरचं नाव मुद्दाम बदललं आणि मग पायथॉन चालवलं. लगेच अडलं: लिबजीसीसी (जीसीसीबरोबर येणारी लायब्ररी) सापडत नाही. चालू मशीनवर जीसीसी नसणार, म्हणजे तिथेही हेच झालं असतं. लिंकरला स्टॅटिक-लिबजीसीसी हा पर्याय देऊन पुन्हा बांधलं, मग पायथॉन आपल्या पायावर उभं राहिलं. काही जुन्या लेखांत क्रले कमांडने सिस्टिमचा लायब्ररीमार्ग बदलायचा सल्ला सापडतो. त्यात मूळ फोल्डर लिहायचं राहिलं तर साध्या कमांडही चालेनाशा होतात. कामातल्या मशीनवर ते करू नका.

आमचा ९०० ओळींचा प्रोग्रॅम पायथॉन ३ चा होता, तो २.७ मध्ये उतरवायला चार दिवस लागले. सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. नमुना नोंदवहीत विद्यार्थ्यांची नावं देवनागरीत आहेत आणि २.७ ला प्रत्येक ठिकाणी सांगावं लागतं की हा मजकूर यूटीएफ-८ आहे. आयओ मॉड्यूलचं ओपन वापरलं, सीएसव्ही वाचून झाल्यावर एकेक रकाना डीकोड केला. सनच्या टर्मिनलवर ही नावं प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. पण फाइलीत ती शाबूत राहतात, पीसीवर उघडून मी एकेक तपासली.

मग पुन्हा परवानगी. यंत्राच्या प्रभारी प्राध्यापकांकडे अर्ज, त्यात काय बदलणार, काय बदलणार नाही, आणि बिघडलं तर परत कसं जाणार हे तीन परिच्छेद. १३ मेला पुण्यात मतदान होतं, आधीचे काही दिवस अर्ध्या विभागाची ड्यूटी. वेळ मिळाली १६ मेची, दुपारी दोन ते चार. आदल्या दिवशी यूएफएसडंप या सोलारिसच्या बॅकअप कमांडने चालू मशीनची पूर्ण प्रत घेतली आणि ती सुट्या मशीनवर उतरवून पाहिली. प्रत उतरवून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणायचं नाही, हे आता मी कोणालाही सांगते.

प्रत्यक्ष काम वीस मिनिटांत झालं. ऑप्ट खाली एक फोल्डर उघडलं, बाकी कशालाही हात लावला नाही. त्या रात्री विद्यार्थिनीने तोच प्रयोग नव्या नमुन्यावर लावला. सकाळी दोन्ही बाजूंचे चौसष्ट अक्षरांचे चेकसम तिने स्वतः शेजारी ठेवून बोट लावत वाचले.

खर्चाचं सांगायचं तर एकूण १,७५० रुपये. त्यातले १,४३० पक्क्या बिलांवर किरकोळ खर्चातून जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले, सेल आणि मजुरीचं बिल नव्हतं म्हणून ते ३२० मी सोडून दिले. सुटा अल्ट्रा ५ आता विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत परत चढला आहे, शेऱ्याच्या रकान्यात 'वापरात' असं लिहून. चालू मशीनच्या चिपला सेल जोडायचं अजून बाकी आहे. दिवाळीच्या सुट्टीतली दोन दिवसांची वेळ त्यासाठी मागून ठेवली आहे, आणि दुरुस्तीवाल्या दादांना तसं सांगूनही आले आहे.